अजकार, सकाळचे

फजरची (पहाटेची) नमाज आणि सूर्योदय यांच्या दरम्यान रोज म्हणावयाचे ईशस्मरण (जिक्र) व प्रार्थना (दुआ). अरबीत यांना ‘अजकारुस्सबाह’ म्हणतात. भारतातील मुसलमानांच्या बोलण्यात मात्र सकाळचा वजीफा, तसबीह किंवा नुसते ‘पढणे’ हे शब्द अधिक ऐकू येतात. संध्याकाळच्या अजकारांशी यांची जोडी असून पाठही बव्हंशी तोच असतो. सकाळचा उल्लेख असेल तेथे संध्याकाळ येते, एवढाच फरक. पाच वेळची नमाज फर्ज (अनिवार्य) आहे, अजकार फर्ज नाहीत. ते सुन्नत किंवा मुस्तहब, म्हणजे केले तर सवाब आणि राहिले तर गुनाह नाही. सवय लावू पाहणाऱ्याची खरी अडचण इथेच आहे. चुकले तर कोणी जाब विचारत नाही.

आधार व वेळ : सकाळ-संध्याकाळ अल्लाहचे स्मरण करावे असे कुराणात अनेक ठिकाणी सांगितले आहे. सूरा अहजाबमध्ये (३३ : ४१-४२) हे स्मरण भरपूर असावे असे म्हटले आहे, तर सूरा आराफमध्ये (७ : २०५) ते नम्रतेने, मनातल्या मनात, आवाज न चढवता करावे असे आहे. या दुसऱ्या आयतीवरून पुढे बराच वाद झाला. तो खाली येईलच.

नेमकी वेळ कोणती, याचे उत्तर दमास्कसचे पंडित इब्न कय्यिम (१२९२–१३५०) यांनी ‘अल-वाबिलुस्सय्यिब’ या ग्रंथात दिले आहे. पहाट फुटल्यापासून सूर्य उगवेपर्यंत सकाळचे अजकार, असरपासून (दुपारनंतरच्या नमाजपासून) सूर्यास्तापर्यंत संध्याकाळचे. बरेच आलिम (धर्मपंडित) सकाळची मुदत सूर्य माथ्यावर येईपर्यंत वाढवून देतात. मुंबईच्या अक्षांशावर हा प्रश्न फारसा अडत नाही. फजरची वेळ लागल्यापासून सूर्योदयापर्यंत तिथे वर्षभर सव्वा तासाच्या आसपास अवधी मिळतो. जूनमध्ये तो पहाटे पाचच्या आधीच सुरू होतो, जानेवारीत सहाच्या सुमारास. लंडनमध्ये जूनच्या रात्री आकाश पुरते काळोखत नाही, त्यामुळे फजर कधी लागली म्हणायची यावरच तिथल्या मशिदींमध्ये एकमत नसते. अशा ठिकाणी ती वाढीव मुदत कामाला येते.

पाठ : सर्वमान्य असा एकच पाठ नाही आणि ठरलेला क्रमही नाही. तरी काही घटक जवळजवळ प्रत्येक संग्रहात सापडतात. आयतुल कुर्सी (२ : २५५) एकदा. इख्लास, फलक आणि नास या कुराणातील शेवटच्या तीन छोट्या सूरा तीन-तीनदा. या तीन सूरांविषयीची हदीस (पैगंबरांच्या उक्ती-कृतींचे परंपरागत कथन) अब्दुल्लाह इब्न खुबैब यांची आहे. पावसाच्या काळोख्या रात्री काही जण पैगंबरांना शोधत निघाले. ते भेटले तेव्हा त्यांनी अब्दुल्लाह यांना ‘म्हण’ एवढेच सांगितले. काय म्हणायचे ते न कळून अब्दुल्लाह गप्प राहिले. असे पुन्हा पुन्हा झाल्यावर त्यांनी विचारले आणि मग सकाळ-संध्याकाळ या सूरा म्हणाव्यात असे उत्तर मिळाले.

क्षमायाचनेच्या प्रार्थनांमध्ये ‘सय्यिदुल इस्तिगफार’ला पहिला मान आहे. नावाचा अर्थच क्षमायाचनांचा सरदार. शद्दाद इब्न औस यांच्याकडून आलेली ही दुआ बुखारींच्या हदीससंग्रहात आहे. तिच्यात भक्त एका दमात दोन कबुल्या देतो : आपल्यावरची कृपा आणि आपला गुन्हा. सकाळी मनापासून ती म्हणणारा संध्याकाळ होण्याआधी मरण पावला तर तो जन्नतवासी, असे आश्वासन सोबत आहे. पैगंबरांचे निकटचे सहकारी अबू बक्र यांनीही सकाळ-संध्याकाळी काय म्हणावे असे विचारले होते. त्यांना मिळालेल्या दुआत स्वतःच्या मनाच्या आणि सैतानाच्या दुष्टपणापासून आसरा मागितला आहे. शत्रूंचा उल्लेख तीत येत नाही.

संकटापासून रक्षणासाठी अल्लाहचे नाव घेणारी एक छोटी दुआ तीनदा म्हणतात. ती तिसरे खलिफा उस्मान यांच्याकडून त्यांचे पुत्र अबान यांच्यापर्यंत आली. ही हदीस सांगताना अबान यांच्या अंगावरून अर्धांगवायूचा झटका जाऊन गेलेला होता. ऐकणारा त्यांच्याकडे टक लावून पाहू लागला, कारण दुआ म्हणणाऱ्याला काही अपाय होत नाही असे हा माणूस सांगतो आणि स्वतः मात्र लुळा. अबान म्हणाले, काय पाहतोस, मी खोटे सांगत नाही. ज्या दिवशी हे झाले त्या दिवशी मी रागात होतो आणि म्हणायचे विसरलो. अबू दाऊद यांच्या संग्रहात हा प्रसंग आहे. दुआची थोरवी पटवण्यासाठी तो सांगतात, पण त्यातून हेही कळते की सुरुवातीच्या पिढ्यांतल्या, थेट खलिफाच्या घरातल्या माणसाचाही नेम चुकत असे, आणि तो रागाच्या भरात चुकत असे.

शंभरदा म्हणायच्या पाठांत ‘सुब्हानल्लाही व बिहम्दिही’ आणि अल्लाहच्या एकत्वाची ग्वाही देणारे वाक्य हे दोन मुख्य. दोन्हींची हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. प्रचारात असलेले सगळेच मात्र इतक्या भक्कम आधाराचे नाही. फजर आणि मगरिबच्या (सूर्यास्तानंतरच्या) नमाजनंतर सातदा म्हणायची नरकापासून सुटकेची दुआ घरोघरी पाठ असते, पण तिच्या सनदीला, म्हणजे कथनकर्त्यांच्या साखळीला, अनेक हदीसतज्ज्ञ दुर्बल ठरवतात. मोबाइलवर फिरणाऱ्या ‘अमुक वेळा म्हणा, तमुक काम होईल’ छापाच्या बहुतेक वजीफ्यांना तर सनदच नसते.

संख्या आणि वजन : पैगंबरांच्या पत्नी जुवैरिया यांचा प्रसंग मुस्लिम यांच्या संग्रहात आहे. फजरनंतर पैगंबर घराबाहेर पडले तेव्हा त्या नमाजच्या जागी बसल्या होत्या. ऊन चांगले वर आल्यावर ते परतले तरी त्या तिथेच. मी गेल्यापासून अशीच बसून आहेस का, असे त्यांनी विचारले. हो म्हणताच ते म्हणाले, की तुझ्यानंतर मी चार वचने तीनदा म्हटली. तुझ्या आजच्या सगळ्या पठणाशी तोलली तर ती भारी भरतील. हीच वचने आज सकाळच्या अजकारात तीनदा म्हणतात. जुवैरियांच्या बैठकीला इथे नावे ठेवलेली नाहीत, पण वेळेवरून पठणाचे वजन ठरत नाही हे स्पष्ट होते. तासाभराची यादी समोर ठेवून चौथ्या दिवशी ती टाकून देणाऱ्यांनी सर्वांत आधी हीच हदीस वाचायला हवी.

सवय कशी लागते : या बाबतीत परंपरेचे शहाणपण चांगलेच व्यवहारी आहे. अल्लाहला सर्वांत प्रिय कर्म ते, जे थोडे असले तरी नेमाने होते, ही पैगंबरांच्या पत्नी आयेशा यांची हदीस त्याच्या मुळाशी आहे. रात्रीची नमाज सुरू करून सोडून देणाऱ्या एका माणसासारखा होऊ नकोस, असे पैगंबरांनी अब्दुल्लाह इब्न अम्र यांना बजावले होते.

पहिला उपाय म्हणजे अजकार फजरलाच बांधून टाकणे. जाबिर इब्न समुरा सांगतात, की पैगंबर फजर झाल्यावर सूर्य उगवेपर्यंत नमाजच्या जागीच बसत. उठून गेले की चहा येतो, फोन येतो, घरातली कामे येतात, आणि मग तसबीह राहते ती राहतेच. म्हणून सलाम फेरल्यावर जानमाजची घडी घालण्याआधीच दोन-तीन पाठ उरकून घ्यावेत असे जुनीजाणती माणसे सांगतात. आदल्या रात्रीचाही याच्याशी संबंध आहे. इशाच्या (रात्रीच्या) नमाजनंतर गप्पा मारत बसणे पैगंबरांना आवडत नसे, असे बुखारींच्या संग्रहात आहे. फजरला उठवणारा गजर आदल्या रात्री दहा वाजताच लागतो म्हणायला हरकत नाही.

दुसरा उपाय मोजणीचा. पैगंबर बोटांवर मोजत, आणि स्त्रियांना त्यांनी बोटांच्या टोकांवर मोजायला सांगितले, कारण कयामतच्या दिवशी बोटेही साक्ष देतील. आपल्याकडे बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवून मोजतात. मण्यांची तसबीह ३३ किंवा ९९ मण्यांची असते. ९९ च्या माळेत दर ३३ नंतर वेगळ्या आकाराचा मणी असतो आणि टोकाच्या लांबट मण्याला इमाम म्हणतात, त्यामुळे अंधारातही हात चुकत नाही. हल्ली बोटात अंगठीसारखे घालायचे बटणाचे यंत्रही मिळते. मण्यांना काही कडवे लोक बिदअत (धर्मात घुसवलेली नवी गोष्ट) ठरवतात, पण बहुसंख्य आलिमांना त्यात वावगे काही वाटत नाही.

तिसरा उपाय चुकल्यावर काय करायचे ते आधीच ठरवून ठेवण्याचा. रात्रीचा नेमाचा पाठ झोपेमुळे राहिला तर तो फजर आणि जुहर (दुपारची नमाज) यांच्या दरम्यान म्हणावा, तो रात्रीच म्हटल्यासारखा लिहिला जातो, अशी दुसरे खलिफा उमर यांची हदीस आहे. इमाम नववी (१२३३–१२७७) यांनी त्याच धर्तीवर ‘अल-अजकार’ या ग्रंथात लिहिले, की ज्याचा नेम आहे त्याने तो चुकल्यास जमेल तेव्हा भरून काढावा. चालढकल करू लागला की पुढे वेळेवरही होत नाही. जिक्रला वजू (नमाजपूर्व हात-तोंड-पाय धुणे) आवश्यक नाही, बसण्याचीही अट नाही. सकाळची लोकल पकडणारा उरलेली तसबीह गाडीत उभ्याने पुरी करू शकतो. मासिक पाळीत स्त्रियांना नमाज माफ असते, पण जिक्र आणि दुआ यांना त्या काळातही मनाई नाही. त्यामुळे महिन्यातून काही दिवस नेम तुटतो ही समजूत चुकीची आहे.

कामकरी माणसाचा विचार गझाली (मृ. ११११) यांनी जितका बारकाईने केला तितका क्वचितच कोणी केला असेल. ‘इह्या उलूमिद्दीन’मध्ये वजीफ्यांच्या आखणीवर स्वतंत्र प्रकरण आहे. पहाट ते सूर्योदय या पहिल्या प्रहराची दुआ, जिक्र, कुराणपठण आणि चिंतन अशी चौपदरी वाटणी तिथे दिली आहे. पण लगेच पुढे गझाली माणसामाणसांत फरक करतात : एकांतात उपासना करणारा, विद्वान, विद्यार्थी, राज्यकारभार पाहणारा, कारागीर, आणि ईश्वरात पूर्ण बुडालेला. ज्याच्यावर पोरेबाळे अवलंबून आहेत त्या कारागिराने त्यांना उपाशी ठेवून जप करत बसू नये, कामाच्या वेळी बाजारात हजर राहणे हाच त्याचा वजीफा; फक्त हात चालताना जिभेला जिक्र विसरू देऊ नये.

ग्रंथ : दिवस-रात्रीच्या प्रार्थनांचे संग्रह फार लवकर झाले. नसाई (मृ. ९१५) आणि त्यांचे शिष्य इब्नुस्सुन्नी या दोघांनी ‘अमलुल यौम वल्लैला’ याच नावाने ते केले. पुढे नववींचा ‘अल-अजकार’, इब्नुल जजरी (१३५०–१४२९) यांचा ‘अल-हिस्नुल हसीन’, हद्रमौतमधील तरीमचे इमाम हद्दाद (१६३४–१७२०) यांचा ‘अल-विर्दुल लतीफ’. भारतात अशरफ अली थानवी (१८६३–१९४३) यांची ‘मुनाजाते मकबूल’ सात वारांसाठी सात मंजिलांत विभागलेली आहे. बरेलवी परंपरेत अहमद रजा खान (१८५६–१९२१) यांचा ‘अल-वजीफतुल करीमा’ चालतो. तब्लीगी जमातने यादी आणखी आटोपशीर केली : सकाळ-संध्याकाळ तिसरा कलमा, दुरूद आणि इस्तिगफार, प्रत्येकी शंभर. आज जगभर सर्वाधिक दिसणारे पुस्तक मात्र सौदी लेखक सईद अल-कहतानी (मृ. २०१८) यांचे ‘हिस्नुल मुस्लिम’. त्यांच्याच एका मोठ्या ग्रंथाचा हा १९८८ मध्ये केलेला संक्षेप खिशात मावतो, प्रत्येक दुआखाली हदीसचा हवाला असतो, आणि त्याच्या यशाचे श्रेय निम्मे आकाराला द्यायला हवे.

शिया परंपरेत चौथे इमाम जैनुल आबिदीन यांच्या नावे असलेल्या ‘सहीफा सज्जादिया’त सकाळ-संध्याकाळची स्वतंत्र दुआ आहे. इमाम अली यांच्या नावे असलेली ‘दुआए सबाह’ही फजरनंतर वाचतात, आणि चाळीस सकाळी ‘दुआए अहद’ वाचण्याचा नेम धरतात. ‘दुआए सबाह’ आणि ‘दुआए अहद’ अब्बास कुम्मी यांच्या ‘मफातीहुल जिनान’मध्ये एकत्र मिळतात.

महाराष्ट्रात : इथे हनफी बहुसंख्य आहेत, कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई. शाफई पद्धतीत फजरच्या दुसऱ्या रकातीत उभ्याने हात उचलून कुनूतची दुआ करतात, हनफी करत नाहीत. म्हणजे कोकणातल्या शाफई मशिदीत सकाळची प्रार्थना नमाजच्या आतच सुरू झालेली असते. मुलांची दुआंशी ओळख मकतबात (मुलांच्या धार्मिक शाळेत) होते : झोपेतून उठण्याची, शौचाला जाण्याची, घराबाहेर पडण्याची दुआ तिथे आधी पाठ करून घेतात, लांब पाठ नंतर. ज्यांना अरबी वाचता येत नाही ते देवनागरी लिप्यंतर वापरतात. सुरुवातीला त्याची मदत होते, पण अरबीतले दोन वेगळे ‘ह’ देवनागरीत एकच होऊन बसतात, म्हणून एकदा तरी जाणकाराच्या तोंडून ऐकून घ्यावे. नमाजबाहेरची स्वतःची मागणी मराठीत करायला कसलीच आडकाठी नाही.

वाद : वर उल्लेखिलेला वाद मुख्यतः सामूहिक आणि मोठ्या आवाजातल्या जिक्रचा. कूफाच्या मशिदीत काही लोक गोल करून बसले होते, एक जण शंभरदा अमुक म्हणा असे सांगे आणि बाकीचे खड्यांवर मोजत. पैगंबरांचे सहकारी इब्न मसऊद यांनी त्यांना झापले, की यापेक्षा स्वतःचे गुन्हे मोजा. दारिमी यांच्या संग्रहातला हा प्रसंग सलफी विचाराचे लोक पुढे करतात. उलट कादिरी आणि चिश्ती सिलसिल्यांत मोठ्याने जिक्र रूढ आहे, नक्शबंदी तो मनात करतात, आणि एकत्र बसून जिक्र करणाऱ्यांची प्रशंसा करणाऱ्या हदीसही आहेतच. एकट्याने हळू आवाजात केलेल्या सकाळच्या अजकारांविषयी मात्र कोणत्याही पंथात मतभेद नाही.

किती पाठ म्हणावेत याबद्दल नववींचा निर्णय आजही चालतो : ज्याला सगळे जमेल त्याचे भाग्य, ज्याला जमणार नाही त्याने थोडे घ्यावे, अगदी एकच जिक्र असला तरी चालेल.