पोटाच्या दुर्बिणीचा इतिहास आणि मागे उरणारा कचरा

“डॉक्टर, दुर्बीण स्वच्छ केलेली असते ना?” एंडोस्कोपी सांगितली की रुग्ण हा प्रश्न हमखास विचारतात. तपासणीनंतर उरणाऱ्या कचऱ्याबद्दल मात्र सहसा कोणी विचारत नाही. दोन्हींची उत्तरे या तपासणीच्या इतिहासात सापडतात.

सरळ नळीपासून कॅमेऱ्यापर्यंत

१८६८ मध्ये जर्मनीत डॉ. आडोल्फ कुसमाउल यांनी तलवार गिळणाऱ्या एका कलाकाराच्या जठरात धातूची सरळ नळी उतरवली. उजेड अपुरा असल्याने फारसे दिसले नाही. १९३२ मध्ये रुडॉल्फ शिंडलर यांची थोडी वाकणारी दुर्बीण आली. १९५४ मध्ये हॅरॉल्ड हॉपकिन्स आणि पंजाबात जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी काचतंतूंच्या जुडीतून चित्र नेता येते हे दाखवले. त्याच तत्त्वावर १९५७ मध्ये बेसिल हिर्शोविट्झ यांनी लवचिक दुर्बीण बनवली. पुढे १९८०च्या दशकात तिच्या टोकाला कॅमेरा बसला.

स्वच्छतेची किंमत

लवचिक दुर्बीण रुग्णाला सोसवते, पण ती उकळता येत नाही आणि तिच्या आतल्या वाहिन्या अरुंद असतात. म्हणून प्रत्येक तपासणीनंतर ब्रश, भरपूर पाणी आणि जंतुनाशक रसायन लागते. रक्तातून पसरणाऱ्या आजारांच्या धास्तीने एकदाच वापरायची साधनेही वाढली. पित्तनलिकेच्या दुर्बिणीतून काही ठिकाणी जंतुसंसर्ग झाल्यावर २०१९ मध्ये अमेरिकेत पूर्णपणे ‘वापरा आणि टाका’ अशा दुर्बिणीला परवानगी मिळाली. संसर्ग टळावा हा हेतू योग्यच, पण कचऱ्याचा प्रश्न त्यामुळे वाढतो. अमेरिकेतील दोन रुग्णालयांच्या २०२२ मधील अभ्यासात एका तपासणीमागे सरासरी २.१ किलो कचरा आढळला.

आपल्याकडे काय?

भारतात जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम १९९८ मध्ये आले आणि २०१६ मध्ये ते नव्याने लागू झाले. रक्त लागलेला कापूस पिवळ्या पिशवीत, प्लॅस्टिकच्या नळ्या लाल पिशवीत जातात. वेष्टनाचा कोरडा कागद चुकून पिवळ्या पिशवीत गेला, तर तोही विनाकारण भट्टीत जळतो.

हैदराबादच्या एका मोठ्या पोटविकार संस्थेच्या अभ्यासात तपासणीमागच्या कार्बन उत्सर्जनाचा सर्वांत मोठा वाटा रुग्णांच्या प्रवासाचा निघाला. सुरगाणा, पेठ किंवा मालेगावहून नाशिकला येणाऱ्यांना हे सहज पटेल. एक फेरी वाचली तर पैसे, रोजंदारी आणि इंधन, तिन्ही वाचतात.

आपण काय करू शकतो?

- जुने रिपोर्ट आणि बायोप्सीचा अहवाल सोबत आणा. ते हरवले की तपासणी पुन्हा करावी लागू शकते.
- किती तास उपाशी राहायचे, कोणत्या गोळ्या थांबवायच्या हे आधी फोनवर विचारा. जेवून आलात तर फेरी वाया जाते.
- साध्या ॲसिडिटीसाठी स्वतःहून दुर्बिणीचा आग्रह धरू नका. हेलिकोबॅक्टर जंतूचे निदान अनेकदा श्वासाच्या किंवा शौचाच्या तपासणीने होते.

मात्र गिळताना अडकणे, काळी किंवा रक्तमिश्रित शौच, रक्ताची उलटी, कारण नसताना वजन घटणे किंवा रक्त कमी होणे, यांपैकी काहीही असेल तर पर्यावरणाचा विचार बाजूला ठेवा आणि तपासणी लांबवू नका. वेळेत सापडलेल्या कॅन्सरचा उपचार रुग्णासाठी सोपा असतो, आणि त्याला साधनेही कमी लागतात.