प्रोजेक्टर घेताय? आधी जागेतला उजेड बघा, मग खोक्यावरचा आकडा

गणेश मंडळ, जिल्हा परिषदेची शाळा, ग्रामपंचायत, नाहीतर घर. प्रोजेक्टर घ्यायचा विषय आता गावोगावी निघतो. पैसा बहुतेक वेळा वर्गणीचा किंवा लोकसहभागाचा असतो. ऑनलाइन ५ ते ७ हजारांचं छोटं यंत्र मागवलं जातं. रात्री घरात ते बरं चालतं, पण दिवसा वर्गात लावलं की पडद्यावर नुसत्या सावल्या दिसतात. मग यंत्र कपाटात आणि पैसे पाण्यात. हे टाळायचं तर खालच्या गोष्टी नीट तपासा.

१) ल्युमेन म्हणजे प्रकाशाची ताकद

यंत्रातून किती प्रकाश बाहेर पडतो, ते ल्युमेनमध्ये मोजतात. स्वस्त यंत्रांच्या खोक्यावर '९००० ल्युमेन' असं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. त्यावर जाऊ नका. 'एएनएसआय ल्युमेन' किंवा 'आयएसओ ल्युमेन' किती, ते विचारा. या मोजणीत पडद्यावर वेगवेगळ्या ठिकाणी प्रकाश मोजून सरासरी काढतात, म्हणून तो आकडा भरवशाचा. तो कुठेच लिहिलेला नसेल तर यंत्र कमी ताकदीचं आहे असं धरून चाला.

साधारण हिशेब असा:

- घरात, रात्री, दिवे बंद करून: ५०० ते १००० एएनएसआय ल्युमेन
- खिडक्या असलेला वर्ग किंवा ग्रामपंचायतीचा हॉल: ३००० ते ४०००
- रात्री मैदानात, १० ते १२ फूट रुंद पडदा: ३५०० च्या पुढे, आणि पडद्याजवळची हॅलोजन बंद
- दिवसा उघड्यावर: साधा प्रोजेक्टर घेऊच नका, तिथे एलईडी वॉलच लागते

२) पडदा मोठा केला की उजेड कमी

१०० इंची चित्र सुमारे सव्वासात फूट रुंद आणि चार फूट उंच असतं. तेच २०० इंची केलं की जागा चौपट होते, आणि तेवढाच प्रकाश चौपट जागेवर पसरतो. म्हणजे उजेड पाव राहिला. म्हणून '३०० इंची पडदा' या जाहिरातीला फारसा अर्थ नाही.

३) 'नेटिव्ह' रिझोल्यूशन विचारा

'४के सपोर्ट' याचा अर्थ यंत्र ४के व्हिडिओ घेतं, दाखवतं मात्र स्वतःच्या क्षमतेइतकंच. खरा आकडा 'नेटिव्ह'समोर असतो. शाळेत धडे, नकाशे दाखवायला १२८० बाय ८०० चालतं. सिनेमा, क्रिकेट बघायचं असेल तर १९२० बाय १०८० घ्या.

४) अंतर मोजून घ्या

'थ्रो रेशो' १.५ असेल तर ८ फूट रुंद चित्रासाठी यंत्र १२ फूट लांब ठेवावं लागतं. खोली लहान असेल तर 'शॉर्ट थ्रो' बघा. ०.५ रेशोचं यंत्र तेवढंच चित्र ४ फुटांवरून देतं, आणि शिकवताना गुरुजींची सावलीही फळ्यावर कमी पडते. टेप घेऊन खोली मोजा, मगच दुकानात जा.

५) दिवा, वीज आणि धूळ

दिव्याची यंत्रं साधारण ४ ते ६ हजार तास चालतात, नंतर दिवा बदलावा लागतो. एलईडी आणि लेझरचं आयुष्य २० हजार तासांच्या आसपास सांगतात. शाळेत रोज ४ तास, वर्षाला २०० दिवस धरले तर ८०० तास होतात. म्हणजे ५००० तासांचा दिवा सहा वर्षं जाईल. नवा दिवा केवढ्याला आणि कुठे मिळतो, ते आधीच विचारून ठेवा.

मोठं यंत्र २५० ते ३५० वॅट वीज खातं. लाइट अचानक गेली की पंखा थांबतो आणि तापलेल्या दिव्याला मार बसतो, म्हणून यूपीएस किंवा इन्व्हर्टरवरच लावा. बंद करताना थेट बटण पाडू नका, पंखा थांबेपर्यंत थांबा. आपल्याकडे धूळ फार, तेव्हा फिल्टर असेल तर महिन्यातून एकदा साफ करा.

६) मोबाईल जोडणार असाल तर

बऱ्याच साध्या फोनमधून केबलने चित्र जात नाही. काही ओटीटी अ‍ॅपचा आवाज येतो, पडदा मात्र काळा राहतो. लॅपटॉप किंवा टीव्ही स्टिक एचडीएमआयला जोडणं सोयीचं. यंत्राचा स्पीकर मैदानात पुरत नाही, म्हणून ऑडिओ आउट आहे का ते बघा आणि वायरने अ‍ॅम्प्लिफायरला जोडा. ब्लूटूथवर आवाज मागे पडू शकतो.

पैसे देण्याआधी

- दुकानात ट्यूबलाइट चालू ठेवून चित्र बघा. मागच्या रांगेतून अक्षरं वाचता आली पाहिजेत.
- यंत्राची आणि दिव्याची वॉरंटी वेगवेगळी विचारा. सर्व्हिस सेंटर जिल्ह्यात आहे का, तेही बघा.
- पक्कं जीएसटी बिल मंडळाच्या किंवा शाळेच्या नावानेच घ्या.
- पडद्याचा खर्च वाचवायचा तर सपाट, पांढरी, बिनचकाकीची भिंत चालते. चादर असेल तर दुहेरी करून ताणून बांधा, एकेरीतून प्रकाश पलीकडे जातो.
- गावासाठी सिनेमा लावणार असाल तर हक्कधारकाची परवानगी लागते. लाऊडस्पीकरलाही परवानगी घ्या, आणि रात्री १० ची वेळ लक्षात ठेवा.

वर्गात अंधार करताच येत नसेल आणि मुलं २५-३० च असतील, तर त्याच पैशात ५० किंवा ५५ इंची टीव्ही जास्त कामाचा ठरतो. वर्षातून दोन-तीनच कार्यक्रम असतील तर भाड्याने आणा. रोज वापर असेल तरच विकत घ्या.