दारव्ह्याची वाट, बहिणीचा वाटा
शकुंतला गाडी दारव्ह्याला थांबे, तेव्हा माहेरवाशिणी उतरत. चार दिवस राहत, लुगडं घेऊन परतत. वावराचं नाव काढलं, की भाऊ अबोला धरी.

1956 च्या हिंदू वारसा कायद्याने वडिलांच्या वाट्यात मुलगी वारस झाली. 1994 साली महाराष्ट्राने वडिलोपार्जित जमिनीत तिला जन्मतः हक्क दिला. मात्र आधी लग्न झालेल्या वगळल्या. 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीत ती अट राहिली नाही. बाप 2005 पूर्वी वारला असला तरी हा हक्क टिकतो, असे 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले.

तरी हक्कसोडीचा कागद पुढे येतोच. सही केली तर हिस्सा जातो, नाही केली तर बोलणं तुटतं. गुरुजी, मुलांना एवढं सांगा: बहिणीचा वाटा ही भावाची मेहेरबानी नव्हे.