तळटीप : वादक की रचनाकार?

मूळ मजकुरात जव्हार तालुक्यातील वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांना नुसते ‘तारपावादक’ म्हटले आहे. आमच्या मते हा शब्द अपुरा आहे. वाळका दुधी, बांबूच्या दोन नळ्या, ताडपानांचा कर्णा आणि मेण यांतून तारपा घडतो, वाजवताना श्वास तुटू द्यायचा नसतो. नाचणारे वादकाभोवती फेर धरतात, चाल बदलली की पावलेही बदलतात. म्हणजे नाचाची बांधणी जागच्या जागी तोच करतो. चाली वडिलोपार्जित, मग रचना त्यांची कशी, असा आक्षेप येईल. पण क्यूबाच्या कॉम्पाय सेगुंदो यांचे ‘चान चान’ही ‘सोन’ या परंपरागत शैलीतलेच, तरी त्यांना संगीतकार म्हणताना कोणी अडखळत नाही. तिथे गाणे ध्वनिमुद्रित होऊन नावावर चढले; इथे चाल नाचाबरोबर विरते आणि रचणाऱ्याचे श्रेयही घेऊन जाते. धिंडा यांना २०२६ साली पद्मश्री जाहीर झाली. पुढील आवृत्तीत आम्ही ‘वादक व रचनाकार’ असेच छापू.