सवलतीची रेषा : विजेच्या सायकली आणि रस्त्याचा कायदा

‘लायसन्स नको, पासिंग नको’ अशी पाटी ई-सायकलच्या अनेक दुकानांवर दिसते. ती खरी आहे, पण ठरावीक अटींवर. या अटी कोणत्या, त्या मोजतो कोण आणि मोडल्या तर भुर्दंड कोणाच्या माथी पडतो, हे जाणून घेऊ पाहणाऱ्या प्रत्येक वाचकाचे या पुस्तकात स्वागत आहे. त्यासाठी वकील किंवा इंजिनिअर असण्याची गरज नाही. रोज रस्ता ओलांडणाऱ्या माणसाचाही हा विषय आहे.

सुरुवात आपल्या कायद्यापासून करू. मोटार वाहन कायदा, १९८८ आज चारपेक्षा कमी चाकांच्या आणि २५ सीसीपर्यंतच्या इंजिनाच्या वाहनाला ‘मोटार वाहन’ मानत नाही. विजेच्या मोटारीला सीसी नसते, तेव्हा तिच्यासाठी वेगळे माप लागले. ते केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम २(यू) मध्ये सापडते. मोटारीची शक्ती २५० वॉटपेक्षा कमी हवी आणि वाहनाचा वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत हवा. पायडल मारताना मदत करणारी सायकल असेल, तर वेग वाढेल तशी मोटारीची मदत घटली पाहिजे आणि २५ ला, किंवा त्याआधी पाय थांबताच, ती बंद झाली पाहिजे. पुरेसे ब्रेक हवेत, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर हवा. शिवाय हे सारे नियम १२६ मधल्या एखाद्या चाचणी संस्थेने तपासून मान्य केलेले हवे. पुण्यात वेताळ टेकडीवर असलेली एआरएआय ही त्यांपैकीच एक.

यातल्या शक्तीच्या अटीकडे जरा बारकाईने पाहू. चढावर किंवा सिग्नलवरून निघताना मोटार क्षणभर छापील आकड्यापेक्षा बराच जास्त जोर लावू शकते. म्हणून नियम ‘तीस मिनिटांची शक्ती’ धरतो, म्हणजे सलग अर्धा तास मोटार किती शक्ती देऊ शकते ते. मापाची पद्धत बदलली की तीच मोटार रेषेच्या अलीकडची पलीकडे जाऊ शकते. नियम वाचताना आकड्याइतकेच लक्ष तो मोजण्याच्या रीतीकडे द्यावे, हा या अभ्यासाचा पहिला धडा.

इतर देशांनी हीच रेषा वेगवेगळ्या जागी ओढली आहे. युरोपीय संघाचा २०१३ चा १६८ क्रमांकाचा नियमही २५० वॉट आणि ताशी २५ किलोमीटर मानतो, पण पूर्ण सूट देतो ती पाय चालवणाऱ्यालाच. नुसती मूठ पिळून पळणाऱ्या वाहनाला नाही. जपानचा नियम प्रमाण ठरवतो: ताशी १० किलोमीटरपर्यंत माणसाच्या जोराच्या दुपटीपर्यंत मदत, तिथून ती कमी होत २४ ला शून्य. कॅलिफोर्नियाने २०१५ च्या कायद्याने तीन वर्ग केले. त्यातल्या तिसऱ्या वर्गात ताशी २८ मैल, म्हणजे सुमारे ४५ किलोमीटरपर्यंत साथ देणारे यंत्र सायकलच राहते. मात्र चालवणारा १६ वर्षांचा तरी हवा आणि डोक्यावर हेल्मेट हवे. नेदरलँड्समध्ये त्याच वेगाची सायकल १ जानेवारी २०१७ पासून मोपेड ठरली: परवाना, विमा, पिवळी नंबरप्लेट, हेल्मेट, सगळे आले. ताशी २५ वरून ४५ वर गेलेल्या त्याच वाहनाच्या धडकेतली ऊर्जा तिपटीहून अधिक होते. दोन्हीकडचे भौतिकशास्त्र एकच आहे, निवड वेगळी आहे.

ही निवड कशाची, हेच या विषयाचे मर्म आहे. सूट मिळते तेव्हा विद्यार्थ्याला, कामगाराला, गुडघे दुखणाऱ्या आजोबांना स्वस्त आणि सोपे वाहन मिळते, हे मोठेच सार्वजनिक हित आहे. पण सुटीबरोबर विम्याची सक्ती जाते. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण मोटार वाहनांच्या अपघातांसाठी आहे. सूट मिळालेल्या सायकलीने जखमी झालेल्या पादचाऱ्याला भरपाईसाठी दिवाणी न्यायालयाची वाट धरावी लागते. कंट्रोलरमधला वेगाचा बांध कोणी काढून टाकला, तर ते वाहन कायद्याने मोटार वाहन होते, पण त्यामागे ना नोंदणी असते ना विमा. म्हणजे सवलतीची रेषा ओढताना आपण धोक्याची वाटणीही करत असतो, आणि त्या वाटणीत पायी चालणाऱ्याला कोणी विचारलेले नसते.

पुढची प्रकरणे वाचताना प्रत्येक नियमाला तीन प्रश्न विचारावेत: काय मोजले, कोणी मोजले, आणि माप चुकले तर कोणाला लागले? कारखान्यातून निघताना तपासलेली सायकल वर्षभराने रस्त्यावर कशी तपासायची, याचे समाधानकारक उत्तर अजून घडायचे आहे. ते घडवण्यात कायदा, यंत्रशास्त्र आणि नगरनियोजन या तिन्ही शाखांच्या नव्या अभ्यासकांना भरपूर वाव आहे. त्यांनी या कामाला हात घालावा, यासाठीच हे पुस्तक.