गरिबाचा रेडिओ मोडेम

मोडेम म्हटलं की माझ्या पिढीला आधी आवाज आठवतो. किर्रर्र, खर्रर्र, आणि एकदाचं कनेक्शन लागलं की घरातला फोन बंद! आज ज्या मोडेमबद्दल लिहितोय त्याला मात्र फोनची तार लागतच नव्हती. हौशी लोकांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर सोल्डरिंग करून जोडलेला, हवेतून अक्षरं पाठवणारा हा मोडेम ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बव्हेरियात जन्माला आला. मी नोकरीनिमित्त इथेच राहतो, त्यामुळे मला त्याचं जरा जास्तच कौतुक. नाव 'बायकॉम'. बायर्न म्हणजे बव्हेरिया, त्यातलं 'बाय' आणि कम्युनिकेशनमधलं 'कॉम'. मराठी कानाला नाव जरा घरगुती वाटतं, पण त्याला इलाज नाही.

आता तुम्ही म्हणाल, सरळ तारेने जोडायचं सोडून हा हवेतला उद्योग कशासाठी? त्यासाठी त्या वेळच्या पश्चिम जर्मनीतलं पोस्टखातं समजून घ्यायला हवं. आपल्याकडे फोनसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागे. इथे फोन मिळायचा, पण तो आपला नसायचा. तार पोस्टाची, भिंतीतलं सॉकेट पोस्टाचं, वरचं यंत्रही पोस्टाचं. पोस्टाची मान्यता नसलेलं काहीही त्या तारेला जोडलं तर तो गुन्हा, आणि शिक्षा तुरुंगापर्यंतची. मोडेम पाहिजे? पोस्टाकडून भाड्याने घ्या.

मग पोरांनी पळवाटा काढल्या. रिसीव्हर दोन रबरी वाट्यांत ठेवायचा आणि आवाजाने माहिती पाठवायची, म्हणजे तारेला हात लावायचा प्रश्नच नाही. हॅम्बुर्गच्या केऑस कॉम्प्युटर क्लबने १९८५ साली असं एक यंत्र घरी कसं बनवायचं ते छापलंच. त्यातल्या रबरी वाट्या नळकामाच्या दुकानातल्या असल्यामुळे त्याचं नाव 'डाटेनक्लो', म्हणजे डेटाचा संडास! त्यालाही पोस्टाची मान्यता नव्हती हे सांगायला नकोच.

पण याच देशात आणखी एक कायदा होता. १४ मार्च १९४९ चा हौशी रेडिओ कायदा. म्हणजे पश्चिम जर्मनी हे राष्ट्र रीतसर जन्माला यायच्या दोन महिने आधीचा. परीक्षा द्या, परवाना घ्या, आणि मग स्वतःच्या हाताने ट्रान्समीटर बांधून खुशाल हवेत सोडा. ही परीक्षा घेणारं खातं कोणतं? पोस्टच! म्हणजे म्युनिकमधला एखादा विद्यार्थी सीमेपार पोचणारा ट्रान्समीटर घरी बांधू शकत होता, पण स्वतः बनवलेल्या डबीची दोन टोकं फोनच्या तारेला लावू शकत नव्हता. अटी होत्याच. धंद्याचे संदेश चालणार नाहीत, सांकेतिक लपवाछपवी चालणार नाही. पण आत काय सर्किट आहे हे कोणी विचारणार नव्हतं. माझ्या मते बायकॉमची खरी गोष्ट इथे सुरू होते. स्वस्ताई नंतर आली, आधी मोकळीक होती.

हवेतून पाकिटं पाठवायची कल्पना मात्र जर्मनीची नव्हे. तिचं माहेर हवाई बेटांत. हवाई विद्यापीठाचा मोठा संगणक ओआहू बेटावर, त्याचे वापरकर्ते इतर बेटांवरही, आणि मध्ये समुद्र. नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली 'अलोहानेट' हे रेडिओचं जाळं सुरू केलं. नियम इतका सोपा की हसू येईल. बोलायचंय? बोला. पोच आली तर ठीक. नाही आली तर दुसरा कोणीतरी त्याच क्षणी बोलला असं समजा, मनाला येईल तेवढा वेळ थांबा आणि पुन्हा बोला. सार्वजनिक नळावर रांग न लावता पाणी भरण्यासारखंच! गणित करून पाहिलं तर या पद्धतीत वाहिनीचा जास्तीत जास्त १८ टक्क्यांच्या आसपास उपयोग होतो, उरलेला वेळ शांततेत नाहीतर धक्काबुक्कीत जातो. पण कोणाच्या हातात शिट्टी द्यावी लागत नाही, हा केवढा फायदा! बॉब मेटकाफ यांनी यातूनच धागा उचलून १९७३ मध्ये इथरनेट मांडलं, ते पुढे जगभरच्या ऑफिसांत पोचलं.

अब्रॅमसन यांनी स्वतः सांगितलेली एक गंमत आहे. अर्पानेटचे प्रमुख लॅरी रॉबर्ट्स यांच्या खोलीत ते बसले होते, रॉबर्ट्स बाहेर गेले होते. फळ्यावर कुठल्या ठिकाणी कधी जोडणी द्यायची याची यादी होती. यांनी खडू उचलला आणि हवाईचं नाव, पुढे १७ डिसेंबर अशी तारीख लिहून टाकली. नंतर त्याबद्दल सगळे विसरले. तारीख जवळ आली तेव्हा फोन आला, यंत्र कुठे ठेवायचं? १९७२ च्या डिसेंबरात हवाई अर्पानेटला जोडलं गेलं!

हौशी रेडिओवाल्यांकडे, म्हणजे 'हॅम' मंडळींकडे ही कल्पना आली ती कॅनडातून. १९७८ मध्ये माँट्रियलला पहिले प्रयोग झाले, मग व्हँकूव्हरच्या गटाने इतरांना बांधता येईल असं सर्किट काढलं. अमेरिकेने १९८० मध्ये परवानगी दिली. १९८४ मध्ये 'एएक्स २५' नावाचे संदेशांचे नियम छापले गेले. त्यात प्रत्येक पाकिटावर पाठवणाऱ्याची आणि घेणाऱ्याची परवान्यावरची खूण, म्हणजे कॉलसाइन, उघडपणे लिहिलेली असते. अ‍ॅरिझोनातल्या टूसॉनच्या हॅम गटाने १९८५ मध्ये जो डबा काढला त्याची जगभर नक्कल झाली. पण त्या डब्यात स्वतःचा झेड-८० प्रोसेसर, स्वतःची मेमरी, वेगळा वीजपुरवठा. थोडक्यात, संगणकाला रेडिओ जोडण्यासाठी आणखी एक संगणक विकत घ्या.

इथे बव्हेरियातल्या मंडळींनी प्रश्न विचारला. टेबलावर आधीच एक प्रोसेसर बसलाय, मग डब्यात दुसरा कशाला? आधी त्यांनी कमोडोर ६४ या घरगुती संगणकासाठी 'डिजिकॉम' लिहिलं, आणि त्याच अनुभवातून पीसीसाठी बायकॉम.

फ्रीडरिक्सहाफेनला दरवर्षी हॅम लोकांचा मोठा मेळा भरतो, तिथे जुना बाजारही असतो. तिथल्या एका खोक्यात मला असा एक मोडेम पाच युरोंना मिळाला. उघडून बघितलं आणि पहिला विचार आला, बाकीचं कुठाय? काडेपेटीपेक्षा थोडीशी मोठी पाटी. त्यावर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीसीएम ३१०५ ही सोळा पायांची चिप, एखादं लॉजिकचं आयसी, काही रेझिस्टर-कपॅसिटर आणि एक क्रिस्टल. क्रिस्टल ४.४३३६ मेगाहर्ट्झचा. टीव्ही दुरुस्त करणाऱ्यांनी हा आकडा लगेच ओळखला असेल! पॅल पद्धतीच्या रंगीत टीव्हीत रंगासाठी हाच लागायचा, १९८२ च्या एशियाडपासून आपल्याकडे आलेल्या रंगीत टीव्हीतसुद्धा. म्हणून तो कुठेही आणि मातीमोल मिळायचा. वीजपुरवठा? वेगळा नाहीच. सिरियल पोर्टच्या तारांवर जो थोडासा करंट असतो त्यावरच हे भागतं.

चिपचं काम एवढंच. एका स्थितीला १२०० हर्ट्झचा सूर काढायचा, दुसऱ्या स्थितीला २२०० चा, आणि समोरून येणारे सूर ओळखायचे. बाकी सगळा संसार सॉफ्टवेअरचा. सिरियल पोर्टवर ज्या तारा 'तयार आहेस का?', 'हो, आहे' एवढं विचारण्यापुरत्या असतात, त्यांवरूनच इथे माहिती ये-जा करते. संगणकाने सेकंदाला किमान १२०० वेळा लक्ष घालायचं.

मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते ती घड्याळाची. ऐकणाऱ्याला कसं कळणार की एक बिट संपला आणि दुसरा सुरू झाला? दोघांमध्ये घड्याळाची वेगळी तार नाही. तर युक्ती अशी: शून्य पाठवायचं असेल तर सूर बदलायचा, एक पाठवायचा असेल तर आहे तोच सूर चालू ठेवायचा. सूर बदलला की ऐकणारा आपलं घड्याळ जुळवून घेतो. पण लागोपाठ एकच एक आले तर? सूर बदलणारच नाही आणि घड्याळ भरकटेल. म्हणून पाच एक झाले की पाठवणारा मुद्दाम एक शून्य घुसवतो आणि ऐकणारा ते गुपचूप काढून टाकतो. याचा आणखी फायदा असा की मजकुरात लागोपाठ सहा एक येऊच शकत नाहीत, त्यामुळे 'पाकीट सुरू' आणि 'पाकीट संपलं' या खुणेसाठी सहा एक मोकळे राहतात. ही युक्ती हॅम लोकांची नव्हे, मोठ्या कंपन्यांच्या संगणकजाळ्यांतून आलेली. पण तिथे तिच्यासाठी खास चिप असे, इथे ती चार ओळींच्या प्रोग्रॅमने केली.

अमेरिकेतही १९९१ च्या सुमारास याच चिपवर असाच एक मोडेम निघाला. त्याचं नावच 'गरिबाचं पॅकेट'. या लेखाचं शीर्षक तिथूनच सुचलं.

वेग किती? सेकंदाला १२०० बिट, म्हणजे १५० बाइट. हा तुम्ही वाचताय तो लेख साधारण वीस हजार बाइटचा असेल. हवेत तुम्ही एकटेच असाल तरी सव्वादोन मिनिटं, आणि संध्याकाळी सगळे घरी आल्यावर त्याच्या कितीतरी पट. तरीही जाळं वाढलं. डोंगरमाथ्यांवर पाकिटं पुढे ढकलणारी केंद्रं बसली, गावोगावी 'मेलबॉक्स' झाले, पत्रं या पेटीतून त्या पेटीत उड्या मारत दुसऱ्या देशात पोचू लागली. १९९० च्या दशकात रशियाच्या मीर अवकाशस्थानकावरही असा मेलबॉक्स होता. डोक्यावरून जाणाऱ्या स्थानकात पत्र टाकायचं, आणि तेही टीव्हीच्या क्रिस्टलवर चालणाऱ्या पाटीतून!

जर्मन पोस्टाने फोनच्या उपकरणांवरचा हक्क १९९० मध्ये सोडला, पाठोपाठ इंटरनेट आलं आणि मेलबॉक्स ओस पडत गेले. स्वस्ताईची किंमतही तेव्हाच मोजावी लागली. डॉसमध्ये प्रोग्रॅम पोर्टशी थेट बोलू शकायचा, विंडोजला असली घुसखोरी चालेना. यूएसबीची सिरियल केबल लावून तर हा मोडेम चालतच नाही, वेळेचं गणित बिघडतं. मी माझी पाटी खरा सिरियल पोर्ट असलेल्या जुन्या लॅपटॉपला लावली, वर लिनक्स चढवलं, रेडिओ १४४.८ मेगाहर्ट्झवर ठेवला. युरोपात या जागी हॅम लोकांच्या गाड्यांचे ठावठिकाणे आणि घरच्या हवामानयंत्रांचे आकडे अजून त्याच दोन सुरांत जातात. पहिल्याच संध्याकाळी पडद्यावर डोंगरापलीकडचं तापमान उमटलं. टीसीएम ३१०५ आता बनत नाही, पण साउंडकार्ड आणि एक फुकटचा प्रोग्रॅम तेच काम करतो. म्हणजे उरलेली ती एक चिपसुद्धा शेवटी सॉफ्टवेअरमध्ये गेली.

एक गोष्ट राहिली. हवेतल्या या जाळ्यावर इंटरनेटचे नियम चालवून बघावेत म्हणून १९८१ मध्ये हॅम लोकांना ४४ ने सुरू होणारे सगळे इंटरनेट पत्ते देऊन टाकले होते, १ कोटी ६७ लाखांहून जास्त. तेव्हा त्यांना कोणी विचारत नव्हतं. २०१९ मध्ये त्यातले चतुर्थांश, म्हणजे जवळजवळ ४२ लाख, अ‍ॅमेझॉनने विकत घेतले, दहा कोटी डॉलरहून जास्त मोजून. विकणाऱ्या संस्थेने विचारलं नाही म्हणून बरेच हॅम चिडले. ती संस्था आता त्याच पैशांतून रेडिओच्या प्रयोगांना अनुदानं देते.