पुढचा कणा : माझगाव ते रांजणगाव, एका अखंड ॲक्सलचा प्रवास

१/
जुन्नर तालुक्यातील पिंपळवंडी हे पुणे–नाशिक महामार्गावरचे, आळेफाट्याजवळचे गाव. उत्तरेला नाशिक, जिथे महिंद्राची ‘थार’ तयार होते. दक्षिणेला चाकण, जिथे त्याच कंपनीचा दुसरा मोठा कारखाना आहे. आग्नेयेला रांजणगाव, जिथे ‘जीप रँगलर’ जोडली जाते. भारतातील फोर-व्हील ड्राइव्हचा निम्मा इतिहास या तीन टोकांच्या मधोमध सापडतो. त्या इतिहासातील एका लोखंडी दांड्याची ही गोष्ट. 🧵

२/
बैलगाडीची दोन्ही चाके ज्या आडव्या दांड्यावर फिरतात त्याला ‘कणा’ किंवा ‘आख’ म्हणतात. बैलगाड्याच्या शर्यतींसाठी नावाजलेल्या जुन्नर–आंबेगावात हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. मोटारीचा ‘सॉलिड ॲक्सल’ म्हणजे तत्त्वतः हाच कणा : डावे आणि उजवे चाक एकाच अखंड घरात बांधलेले. एक चाक दगडावर चढले की संपूर्ण कणा कलतो आणि दुसरे चाक खाली दाबले जाते. खाचखळग्यांत चारही चाके जमिनीला टेकून राहण्याचे रहस्य या साध्या तरफेत आहे.

३/
कणा सोपा, पण पुढचा कणा अवघड. मागच्या चाकांनी फक्त गाडी ढकलायची असते. पुढच्या चाकांनी वळायचेही असते आणि फोर-व्हीलमध्ये ओढायचेही असते. साधा क्रॉस-जॉइंट कोनात फिरला की त्याचा वेग प्रत्येक फेऱ्यात कमी-जास्त होतो आणि स्टिअरिंगला हिसके बसतात. सम वेगाने फिरणारा सांधा हवा होता. १९२०च्या दशकात फ्रान्समध्ये ग्रेगॉर आणि फनाय यांनी ‘ट्रॅक्टा’ सांधा काढला, तर अमेरिकेत आल्फ्रेड रझेप्पा यांनी चेंडूंचा सांधा. या शोधांवाचून जीप शक्य नव्हती.

४/
११ जुलै १९४० रोजी अमेरिकी लष्कराने १३५ कंपन्यांकडे एका हलक्या टेहळणी गाडीची मागणी केली. अट अशी की पहिला नमुना ४९ दिवसांत हवा. ‘बँटम’ या छोट्या कंपनीसाठी कार्ल प्रॉब्स्ट यांनी आराखडा केला आणि २३ सप्टेंबरला गाडी लष्कराच्या दारात उभी राहिली. एवढ्या थोड्या वेळात नवा ॲक्सल घडवणे अशक्यच होते. म्हणून ‘स्पायसर’ कंपनीने मोटारीच्या उपलब्ध ॲक्सलमध्ये फेरफार करून दिला. पहिल्या जीपचा पुढचा कणा हाच मुळी एक जुळवून घेतलेला कणा होता!

५/
पुढे ‘विलिस’ आणि ‘फोर्ड’ यांनी युद्धकाळात मिळून सहा लाखांहून अधिक जीपा बांधल्या. विलिसच्या गाडीत पुढे ‘डाना २५’ या नावाने ओळखला जाणारा स्पायसरचा कणा आणि दोन्ही बाजूंना पाटे होते. सुटे भाग सर्वत्र सारखे. वाळवंटात मोडलेल्या एका जीपचा कणा दुसऱ्या जीपला बसत असे. अदलाबदलीची कल्पना आजच्या हौशी तरुणांची नाही; ती या गाडीच्या जन्मातच आहे.

६/
१९४५ मध्ये ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ स्थापन झाली. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले. याच संधिकाळात मुंबईच्या माझगावात विलिस जीपची जोडणी सुरू झाली. ओहायोतील टोलेडो शहरातून सुट्या भागांच्या पेट्या बोटीने येत आणि गोदीलगत त्यांची गाडी होई. त्या पेट्यांतूनच पुढचा अखंड कणा महाराष्ट्रात उतरला.

७/
अमेरिकेत ‘सीजे-३बी’ हे मॉडेल १९६८ मध्ये थांबले. भारतात मात्र त्याचा वंश अनेक दशके चालला. बोनेट, ग्रिल, इंजिन बदलले. ऐंशीच्या दशकात पूजोच्या परवान्यावरचे डिझेल इंजिन घेऊन ‘एमएम ५४०’ आली. पुढच्या कण्याची कल्पना तशीच राहिली. सैन्यासाठी जबलपूरला तयार झालेली निस्सानची ‘जोंगा’ आणि १९८५ची ‘मारुती जिप्सी’ यांच्याही पुढे अखंड कणाच होता. जवळजवळ दोन पिढ्यांसाठी भारतात ‘फोर-व्हील’ म्हणजे पुढे कणा आणि पाटे, हे समीकरण पक्के होते.

८/
मग ते बदलले का? कारण रस्ते बदलले. अखंड कण्याचे सगळे वजन स्प्रिंगखाली असते. एका चाकाचा धक्का दुसऱ्यापर्यंत पोचतो आणि वेग वाढला की गाडी भरकटते. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये प्रत्येक चाक आपापले वर-खाली होते. गाडी शांत चालते, स्टिअरिंग नेमके राहते. २००० साली पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असलेली ‘बोलेरो’ आली. त्याच वर्षी २५ डिसेंबरला प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली. हा योगायोगच, पण बोलका. गावापर्यंत डांबर पोचत होते आणि गाडीला आता खड्ड्यांपेक्षा महामार्गाची चिंता अधिक होती.

९/
४ ऑक्टोबर २०१० रोजी ‘थार’ आली. चेहरा जुन्या जीपचा, पण सीआरडीई प्रकारात पुढे टॉर्शन बारचे स्वतंत्र सस्पेन्शन आणि मागे पाट्यांवरचा अखंड कणा. महामार्गावर ती एमएम ५४०पेक्षा कितीतरी सुसह्य होती. मात्र ओढ्यातल्या धोंड्यांवर पुढचे चाक लवकर हवेत लटकू लागले. वर उचललेल्या गाड्यांत पुढच्या सांध्यांवरचा ताणही वाढला. तेव्हापासून हौशी मंडळींत एक प्रश्न रुजला : नव्या थारला जुन्या जीपचा कणा बसवता येईल का?

१०/
येतो; पण हे काम पान्यापेक्षा आधी फूटपट्टीचे आहे. पहिले मोजमाप कण्याच्या रुंदीचे : पुढची आणि मागची चाके एकमेकांशी जुळली पाहिजेत. दुसरे, डिफरन्शियलच्या गोळ्याची बाजू. मूळ विलिसमध्ये हा गोळा मध्यापासून उजवीकडे सरकलेला आहे, कारण तिच्या ट्रान्सफर केसमधून पुढे जाणारा शाफ्ट उजवीकडून निघतो. नव्या गाडीचा शाफ्ट दुसऱ्या बाजूने येत असेल तर तो कणा कितीही भक्कम असो, उपयोगाचा नाही. चाकाच्या बोल्टची संख्या, अंतर आणि ब्रेकचा प्रकार हेही याच टप्प्यावर तपासावे लागते.

११/
तिसरे मोजमाप सर्वांत निर्णायक : गिअरचे गुणोत्तर. युद्धकालीन विलिसचे गुणोत्तर ४.८८ होते, सीजे-३बीचे ५.३८. म्हणजे शाफ्टच्या ५.३८ फेऱ्यांत चाकाचा १ फेरा. पुढे ५.३८ आणि मागे ४.८८ असा संकर केला तर पुढची आणि मागची चाके एकाच गतीने फिरू शकत नाहीत. फरक सुमारे १० टक्क्यांचा. चिखलात चाके घसरून तो पचवतील, पण कोरड्या खडकावर सगळा ताण शाफ्ट, सांधे आणि ट्रान्सफर केसवर येऊन काहीतरी तुटेल. म्हणून आधी मागचे दात मोजायचे, मगच पुढचा कणा शोधायचा.

१२/
यानंतर चौकटीचे काम. टॉर्शन बार आणि आर्मचे आधार कापून तिथे पाट्यांचे हँगर आणि शॅकल वेल्ड करावे लागतात. पाटा दबला की कणा वर येतो आणि वर इंजिनची तेलाची टाकी असते. म्हणून गाडी थोडी उचलावी लागते. उचलली की शाफ्टचा कोन बदलतो. शाफ्टसाठी कणा फिरवावा तर किंगपिनचा मागे कललेला कोन बिघडतो आणि वेगात स्टिअरिंग थरथरू लागते. स्टिअरिंगचा दांडाही पाट्याच्या हालचालीशी जुळवून मांडला नाही, तर प्रत्येक खड्ड्यात गाडी आपोआप वळू पाहते. एक मोजमाप बदलले की बाकी सगळी पुन्हा घ्यावी लागतात. गणिताला महिने लागतात आणि वेल्डिंगला काही दिवस, ते याचमुळे.

१३/
आता कायदा. मोटार वाहन अधिनियम १९८८च्या कलम ५२नुसार उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत फेरबदल करता येत नाहीत. ९ जानेवारी २०१९ रोजी के. जयचंद्र प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा फेरबदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. कण्याची अदलाबदल ही रंगरंगोटी नव्हे. ती ब्रेक, स्टिअरिंग आणि चौकट या तिन्हींना हात घालते. म्हणून असे वाहन बंदिस्त मैदानातील स्पर्धांसाठी ठीक. पुणे–नाशिक महामार्गावर समोरून येणाऱ्या एसटीतल्या प्रवाशांचाही त्या वेल्डिंगशी संबंध असतो.

१४/
इतिहासाच्या दृष्टीने आणखी एक किंमत आहे आणि तिची चर्चा क्वचितच होते. जुना कणा नव्याने बनवलेला नसतो. तो एखाद्या जुन्या जीपमधून काढलेला असतो. ज्या गाड्यांनी आडवळणाच्या गावांतून माणसे, दुधाचे कॅन आणि बाजाराचा माल वाहिला, त्याच गाड्यांचे सांगाडे आज सुट्या भागांसाठी मोडले जातात. जुन्नरमध्ये नाणेघाटाचा लेख आणि लेणी जपण्याचे भान आहे, पण १९६०ची चालती जीप वारसा मानली जात नाही. एका थारला कणा मिळतो तेव्हा एक जीप कायमची टू-व्हील होते. सडून चाललेल्या सांगाड्याचा कणा वाचवणे वेगळे आणि धडधाकट जीप मोडणे वेगळे. हा भेद करणे हौशी माणसाच्याच हाती आहे.

१५/
कणा मात्र संपलेला नाही. २०१८ मध्ये महिंद्राने अमेरिकेत ‘रॉक्सर’ विकायला काढली : पुढे अखंड कणा, खाली पाटे. टोलेडोहून आलेली कल्पना सत्तर वर्षांनी उलट दिशेने गेली आणि जीपच्या मालकांनी तिच्या रूपावर हरकतही घेतली. २०२१ मध्ये रांजणगावला ‘जीप रँगलर’ची जोडणी सुरू झाली, तिच्याही पुढे अखंड कणा आहे, फक्त पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग. २०२३ मध्ये आलेल्या ‘जिम्नी’तही तोच.

१६/
म्हणजे टोलेडोचे सुटे भाग १९४०च्या दशकात माझगावात जोडले जात होते आणि २०२१ पासून पुणे जिल्ह्यात जोडले जाऊ लागले. मधल्या काळात हा कणा कालबाह्य झाला नाही. त्याचे काम बदलले. एकेकाळी तो रस्ता नसलेल्या गावाची गरज होता, आज तो रस्ता सोडून जाऊ पाहणाऱ्याची निवड आहे. गरजेच्या काळात तो स्वस्त होता, निवडीच्या काळात महाग झाला. यापुढे एखादी जुनी जीप भंगाराच्या दारात दिसली, तर आधी खाली वाकून तिचा पुढचा कणा पाहावा, आणि मग ती जीप संपूर्ण वाचते का, हेही पाहावे.

(समाप्त)